लाल आकडा

तिसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना दुसऱ्यांदा चढून निवृत्त निरीक्षक धापा टाकत खुर्चीत बसले आणि रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा दंडाला गुंडाळू लागले. पट्टा फुगला, आवळला, सैल पडला. एकशे बासष्ट. फोनचा पडदा लाल झाला. त्यांनी समाधानाने चष्मा पुसला.

दोन मिनिटांत मुलाचा फोन आला.

"बाबा, पुन्हा वाढलंय! गोळी घेतलीत ना?"

"घेतली. तू जेवलास का?"

"सकाळी आठला कोण जेवतं?"

"मग नाश्ता?"

अशी चार मिनिटं मिळायची. यंत्र मुलानेच पाठवलं होतं. आकडा आपोआप त्याच्याकडे आणि डॉक्टरांकडे जाई. हिरव्या आकड्याला फोन येत नसे. ठीक असलेल्या माणसाशी काय बोलायचं? आपण होऊन फोन लावला, तर 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो' हा तयार संदेश येई. तो मात्र कधी चुकला नाही.

वजनमापे खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला काटा कसा फसवावा हे शिकवावं लागत नाही. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक ते नुसत्या बोटाने ओळखत. आता स्वतःच पारड्यात बसले होते, एवढंच.

पहिल्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी एकदा हटकलंच.

"काका, सारखं वरखाली चाललंय. किल्ली विसरलात की घर?"

"प्रकृतीसाठी."

"तोंड बघा आरशात. प्रकृती खालीच राहिलीय."

सोमवारी जिना चढून झाला, आकडा एकशे पासष्ट आला आणि पडदा हिरवाच राहिला. खाली अक्षरं उमटली : 'छान! असंच चालू ठेवा.' त्यांनी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं. संध्याकाळी फोनच्या पडद्यावरून होणाऱ्या तपासणीत डॉक्टरांना विचारलं.

"यंत्र उत्तम आहे हो," डॉक्टर दुसऱ्याच कुठल्या तरी पडद्याकडे बघत म्हणाले. "तुमच्या चिरंजीवांनी विनंती केली. इशारे फार येतात, कामात अडचण होते म्हणाले. मर्यादा एकशे ऐंशी केलीय."

निरीक्षकांनी मान डोलावली. काट्याला हात न लावता वजनच आतून पोखरणारा व्यापारी त्यांना अख्ख्या नोकरीत एकच भेटला होता. त्याला दंड करून घरी आल्यावर बायकोकडे त्याचं कौतुकही केलं होतं.

शुक्रवारी ते जिन्याकडे फिरकले नाहीत. उठल्यापासून डोकं जड होतं, डाव्या हाताला मुंग्या येत होत्या. खुर्चीत नुसतं बसूनच त्यांनी पट्टा गुंडाळला.

एकशे शहात्तर. छान! असंच चालू ठेवा.

मुलाला फोन लावला. तयार संदेश आला.

त्यांनी हिरव्या पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. एकशे ऐंशीला चार कमी पडत होते. मग त्यांनी चपला घातल्या आणि कठडा धरून जिना उतरायला सुरुवात केली.