बारीक मणी

तीन वर्षं केदारखेड्यात मी ‘दारूवाली’ म्हणून टोमणे खाल्ले. ते चाललं. पण घरच्याच माणसानं माझ्या बागेचा घात करावा, हे कसं सहन करू?

दीड एकर बाग, सगळी पांढऱ्या वाईनच्या द्राक्षांची. नाशिककडची एक वायनरी आमची द्राक्षं वेगळी गाळून आमच्याच घराच्या नावानं बाटली काढणार होती. अट एकच: तीन वर्षं बागेत रसायनाचा थेंब जायला नको, तरच सेंद्रियचं प्रमाणपत्र. मी शेण-गोमूत्र कालवलं, कडुनिंब कुटला, भुरीचा रोग आला तेव्हा एकेक पान खुडलं. २००६ हे तिसरं, शेवटचं वर्ष.

डिसेंबरात भाचीच्या लग्नाला चार दिवस टेंभुर्णीला गेले. परतल्यावर पंधरवड्यानं पाहते तर विहिरीकडच्या चार ओळींतले मणी टम्म फुगलेले. बाकीचे हरभऱ्याएवढे. बघताक्षणी कळलं. खायच्या द्राक्षांचे घड जीए नावाच्या रसायनाच्या पाण्यात बुडवतात, मणी मोठा व्हावा म्हणून. माझ्या सासऱ्यांनी, रखमाजीमामांनी, जन्मभर तेच केलेलं.

“मामा, घड बुडवले तुम्ही?”

“मंग? लोक बांधावर उभं राहून हसून राह्यलेत. रखमाजीच्या बागेत एवढुशे मणी! लाज वाटली मला.”

मी तशीच पाय आपटत घरी आले. नवरा, काकासाहेब, वर मलाच समजावायला लागला, “चारच ओळी हायेत. तपासणीत बिलकुल दिसत न्हाई. तू गप राह्य.” तीन वर्षं राबून आता खोटं बोलू? मी त्याच्यावर अशी कडाडले की तो जेवण टाकून उठला.

आणि जानेवारीत प्रमाणपत्राचे तपासनीस आले, वही उघडून त्यांनी विचारलं, “बाहेरचं काही वापरलं?” तेव्हा मीच शेण-गोमूत्र, कडुनिंब एवढंच मोजून दाखवलं. स्वतःचाही संताप आला.

मामांनी त्यांचा हात धरला. “साहेब, ह्या बारक्या मण्यांकडं बघू नका. इकडं या. हे माझ्या हातचे.”

तपासनीसांनी घड निरखला. “जीए?” मामांनी अभिमानानं मान हलवली. तपासनीसांनी वही मिटली. “आजोबा, आता पुन्हा पहिल्या वर्षापासून.”

मी पाहुण्यादेखत फुटले. “मामा, वाईनला मणी बारीकच लागतो! फुगला की आत नुसतं पाणी! तीन वर्षं ह्या बागेत वावरता, एवढं कळत नाही?”

मामा माझ्याकडं वळले. “बारीकच लागतो? मला कोण बोललं व्हतं?”

कुणीच नाही. पहिल्या वर्षी त्यांनी ‘घरात दारू आणली’ म्हटलं, त्या दिवसापासून, घड बुडवल्याचं विचारलं तेवढं सोडून, मी त्यांच्याशी बागेबद्दल अक्षर बोलले नव्हते. फवारणी बंद, एवढा निरोप नवऱ्याकरवी धाडला. वायनरीच्या साहेबांना समजावलं, गावाशी भांडले. रोज वेलींना पाणी देणाऱ्या माणसाला मात्र मुद्दाम काही सांगितलं नाही. मोठी अद्दल घडवत होते ना!

तपासनीस गेले. मामा ओळीतच खाली बसले. “पोरी, आता कसं करायचं, ते तरी सांग.”

मला सांगायचं होतं. पण राग एवढा होता की तेव्हाही मी न सांगताच पाठ फिरवून घराकडं निघाले.