जांभळं पाणी

जावई लखनराव मनिषाला घेऊन धोंड्याचं जेवायला इंदापूरहून पिंपळीला आले, ते गळ्यात टाय अडकवून. अधिकातल्या उन्हात टाय! फुलाबाईंनी ओवाळता ओवाळता तो पाहिला आणि हसू पदरात दाबलं. गेल्या साली हे गृहस्थ शेळ्यांची स्कीम घेऊन हिंडत होते, त्याआधी विमा. आता पाणी. अल्कलाइन पाण्याचं यंत्र म्हणे, सगळ्या रोगांवर.

हसण्यावारी न्यायची सोय मात्र उरली नव्हती. मागच्या खेपेला जावयानं सांगितलं आणि सासऱ्यांनी, सर्जेरावांनी, बीपीच्या गोळ्या बंद केल्या. आता ते भिंत धरून चालत होते. फुलाबाईंनी रागावून, रडून, शपथा घालून पाहिलं. "जावई काय आपलं वाईट चिंतंल व्हय?" एवढंच उत्तर. बाईंच्या जिभेनं जावयाची सालटी निघाली असती. पण लेकीला, मनिषाला, त्याच्याच घरात नांदायचं होतं, म्हणून ती जीभ महिनाभर दाताखाली होती.

पुरणाचे धोंडे हाणून झाल्यावर लखनरावांनी ओटीवर चार शेजारी जमवले आणि खिशातून चिमुकली बाटली काढली. घरातल्या जारच्या पेलाभर पाण्यात दोन थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

"बघा मामा! हे विष पिताय तुमी."

मग स्वतःच्या यंत्राचं पाणी. ते जांभळं झालं. शेजारी माना डोलवू लागले. पिवळं म्हणजे मरण आणि जांभळं म्हणजे शंभर वर्षं! शास्त्र एवढं स्वस्त असतं तर डॉक्टरांनी रंगपेट्या घेऊनच दवाखाने उघडले असते, असं फुलाबाईंच्या ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं.

मघापासून न दिसलेली मनिषा मागच्या दारानं तांब्या घेऊन आली. तिनं त्यातलं थोडं पाणी पेल्यात ओतून नवऱ्यापुढं ठेवलं.

"ह्ये बी तपासा की."

थेंब पडले. पाणी जांभळं झालं, लखनरावांच्या पाण्याहून गडद.

"वा वा! अमृत हाय हे, मामा! रोज पेलाभर घ्या, गोळीचं नाव काढायला नको. कुठलं पाणी हे?"

"खालच्या चोपणातल्या विहिरीचं," मनिषा म्हणाली.

शेजाऱ्यांच्या डोलणाऱ्या माना थांबल्या. कालव्याच्या पाण्यानं ते रान कधीच पांढरं पडलं होतं. तिथं ऊस गेला, मका गेली, आणि त्या विहिरीच्या पाण्याला म्हैससुद्धा तोंड लावत नव्हती. जिप्सम टाकून टाकून सर्जेराव थकले होते. चोपण म्हणजे अल्कलाइन झालेलं रान, हे त्यांना टायवाल्यानं सांगायची गरज नव्हती.

लखनराव सावरले. "त्याचं कसं असतंय मामा, पीक येगळं, माणूस येगळं..."

"तांब्यात अजून हाय," मनिषानं दुसरा पेला काठोकाठ भरला. "हे बिनथेंबाचं. आधी तुमी घ्या, मग आबा घेतील."

लखनराव टायची गाठ सैल करत राहिले. पेल्याला काही त्यांचा हात लागेना.

सर्जेरावांनी बराच वेळ वाट पाहिली. मग ते बायकोकडं न बघता म्हणाले, "अगं, माझ्या गोळ्या कुठं हायत?"

गोळ्या महिनाभर फुलाबाईंच्या कनवटीला होत्या. त्या काढताना त्यांनी लेकीकडं पाहिलं. जिच्यासाठी आपण जीभ चावत बसलो, तिला एकदा विचारलंसुद्धा नव्हतं. बाईंना स्वतःचाच राग आला. त्यांनी जारमधून पेला भरला आणि जावयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"घ्या. ह्या विषाबरूबरच घ्या."