पडद्याच्या कडीतले शब्द

मित्रांनो, मी एक जुना जुडगा आहे. किल्ल्यांचा नव्हे, जपानी शब्दांचा. लखनऊच्या इंदिरा नगरात सुधीर आजोबांनी मला घडवलं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांची शंभरेक व्हिजिटिंग कार्डं उरली होती. त्यांना भोकं पाडून त्यांनी ती पडद्याच्या कडीत ओवली. एका बाजूला छापलेलं ‘मुख्य अभियंता’, दुसऱ्या बाजूला इंग्रजी अक्षरांत एकेक जपानी शब्द.

हा खटाटोप नातीसाठी होता. त्यांची लेक अनघा जपानमध्ये असते आणि तिची सहा वर्षांची मेई फक्त जपानी बोलते. ती दिवाळीत पहिल्यांदाच येणार होती. तिच्याशी आपण स्वतः बोलायचंच, असा आजोबांनी चंग बांधला होता. रोज सकाळी चहाबरोबर ते मला हातात घेत. तेव्हा मला केवढा अभिमान वाटायचा! पण एक सांगू? ते सगळं मनातल्या मनात शिकले. चुकलं आणि कोणी हसलं तर, ही धास्ती. साहेबांना चुकायची सवय कुठून असणार?

अमौसीच्या विमानतळावर त्यांनी घसा खाकरला आणि स्वागताचं वाक्य म्हटलं. जन्मभर इंग्रजीत कारभार केलेला, त्यामुळे जपानी शब्दांवरही तसाच मध्येच जोर दिला. मेई खुदकन हसली. आजोबांचा चेहरा पडला. घरी येताच त्यांनी मला ड्रॉवरमध्ये टाकलं. चार दिवस ते नातीशी नुसती मान हलवून बोलत होते. मला फार वाईट वाटलं.

पाचव्या दिवशी खडू शोधताना मी मेईच्या हाती लागलो. तिनं एक कार्ड आजोबांपुढे धरलं. त्यांनी ते हळूच बाजूला सारलं.

मालिनी आजी म्हणाल्या, “अहो, हसली तर हसली. सहा वर्षांची बच्ची आहे ती, तुमची जीएम नाही.”

मग आजोबांनी ‘साकाना’ म्हटलं, म्हणजे मासा. मेईनं टाळ्या वाजवत तिन्ही अक्षरं सारख्या मापानं म्हणून दाखवली. नंतर जेवायला बसल्यावर तिनं ताटातल्या पोळीकडे बोट केलं.

“पोळी,” आजोबा म्हणाले.

“पोरी,” ती म्हणाली. दोघंही हसले, आणि दुपारभर थांबलेच नाहीत.

जाताना मेईनं निम्मी कार्डं सोबत नेली. म्हणून मी आता असा हडकुळा दिसतो.

मित्रांनो, शिकलेले शब्द ड्रॉवरमध्ये ठेवू नका. चुकत का होईना, ते मोठ्यानं बोला. माझं पहिलं कार्ड बघा. तिथं ‘मुख्य अभियंता’वर लाल खडूची फुली आहे आणि खाली आईला विचारून मेईनं वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलंय, ‘आजोबा’.