यादीतलं सतरावं नाव

कोलूचं नाव मी यादीतून काढलं, तेव्हा आपण काही चांगलं करतो आहोत असंच मला वाटलं होतं. निदान आज तरी मी स्वतःला तसं सांगतो.

आमच्या गावच्या फुटबॉल टीमची यादी लिहिण्याचं काम गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. अहेरीच्या वाचनालयात मी एकतीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली. अक्षर बरं आहे, एवढीच माझी लायकी. फुटबॉलमधलं मला आजही फारसं कळत नाही. कोलूला खेळताना पाहिलं आणि मी मैदानावर जाऊ लागलो, इतकंच.

कोलू ढिवरांच्या घरचा. वडील तलावात जाळं टाकायचे आणि हा धान कापलेल्या बांधीत बॉल खेळायचा. दोन बांध्यांमधल्या मातीच्या धुऱ्यावरून बॉलसकट उडी मारायची त्याला अशी सवय होती की सपाट मैदानावरही समोर बॅक आला की हा नसलेला धुरा ओलांडल्यासारखा निघून जायचा. वीस वर्षं तो आमचा सेंटर फॉरवर्ड होता. एकदा नागपूरच्या कुठल्याशा खात्याच्या टीमनं चाचणीला बोलावलं, तर दोन दिवसांत परत आला. "तिथलं गवत लय मऊ हाये भाऊ," एवढंच म्हणाला. चार फायनल खेळला, चारही हरला. मग गुडघा गेला आणि तो मॅनेजर झाला.

आमच्याकडे मॅनेजर म्हणजे बॉलमध्ये हवा भरणारा, पोरांच्या आईबापांना समजावणारा, जुन्या मासेमारीच्या जाळ्यातून गोलची जाळी बांधणारा माणूस. सगळ्या जर्स्या त्याची बायको चंदाबाई तलावावर धुवायची आणि दर वेळी ऐकवायची, "कप नाई, नुसता चिखल आणते हा माणूस घरी."

यंदा दिवाळीनंतर टीम चालवणाऱ्या मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, "कोलूभाऊ, सात वर्षं झाले. या वर्षी कप नाई आला तर नागपूरचा शिकलेला कोच आणू. वाईट नोका वाटून घेऊ."

"नाई वाटत," कोलू म्हणाला आणि अनवाणीच घरी गेला. त्याच्या चपला दुसऱ्या दिवशी मी नेऊन दिल्या.

स्पर्धेचा नियम असा की यादी आधी द्यायची आणि यादीत नाही तो मैदानात नाही. मॅनेजरचं नाव वेगळ्या ओळीत, सगळ्यात वर. पण आमची एक रीत होती. खेळाडूंच्या शेवटी कोलूचं नाव पुन्हा टाकायचं, वेळ आली तर असावं म्हणून. गेल्या वर्षी माईकवाल्यानं ते वाचून दाखवलं, "नंबर सतरा, कोलूभाऊ, वय सत्तेचाळीस! सरका, सरका, आजोबाले जागा द्या!" सगळं मैदान हसलं. मला ते सहन झालं नाही. ज्याच्या नावावर तीन-तीन तालुक्यांतून माणसं जमायची, त्याचं नाव पोरांच्या खाली शेवटी का असावं?

म्हणून यंदा सोळा पोरांची नावं लिहून मी थांबलो. वर निळ्या शाईनं ठळक लिहिलं: व्यवस्थापक, श्री. कोलू मनसाराम शेंडे. पान फार देखणं दिसत होतं. त्याला विचारावं असं मनात आलं होतं. विचारायला लाज वाटली. कौतुक तोंडावर बोलून दाखवणं मला कधी जमलेलं नाही.

जानेवारीत आमची टीम फायनलला पोचली.

आमच्या सोळांपैकी नऊ पोरं सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीवर कामाला आहेत. त्या रविवारी पाळी संपवून ती एकाच जीपनं निघाली आणि वाटेत एक ट्रक रस्त्यावर आडवा पडलेला. मैदानावर सातच जण होते.

"सात असले तर खेळता येतं," रेफरी म्हणाले. "सहा झाले की सामना संपला."

समोरच्या टीमचा मॅनेजर पत्रू. एके काळी हाच कोलूला अडवायला उभा असायचा. लांबूनच ओरडला, "काऊन बे कोलू, पोट्ट्याइले जेवू घालत नाई का? सातच उरले!"

"तुह्यासाठी सातच पुरे हायेत, पत्र्या."

आणि खरंच, एकतिसाव्या मिनिटाला आमच्या फॉरवर्डनं, निकेशनं, गोल केला. एक लांब बॉल आला, बॅक आडवा गेला आणि निकेश हवेत उडी घेऊन पुढे निघाला. ती उडी कुणाची होती ते मैदानातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला कळलं. कोलूनं माझा दंड इतका आवळला की वळ उठले. त्यानंतर सातही जण आपल्या गोलसमोर उभे राहून बॉल बाहेर फेकत राहिले. दुसऱ्या हाफमध्ये बऱ्याच उशिरा जीपमधून फोन आला, "भाऊ, क्रेन आली. अर्ध्या तासात पोचतो."

बारा मिनिटं उरली असताना आमच्या सातांतल्या गोपालचा घोटा मुरगळला. पाय टेकवेना. त्याला उचलून बाहेर आणलं.

"पाच मिनिटं देतो," रेफरी म्हणाले. "सातवा आणा."

मी वळून पाहिलं तर कोलू खाली बसून पॅन्ट काढत होता. आत जुनी निळी चड्डी होती. पिशवीतून बूट निघाले. ते तो दर फायनलला सोबत आणत असणार. मी त्याच्यापासून तीन पावलांवर होतो. लेस बांधून व्हायच्या आत सांगायला हवं होतं. त्यानं दोन्ही लेसना दुहेरी गाठ मारली आणि लंगडत रेषेपाशी गेला.

रेफरींचं बोट यादीवरून खाली सरकलं, परत वर गेलं. "खेळाडूंत तुमचं नाव नाही."

"हाये साहेब. शेवटी पाहा."

"सोळावर यादी संपते. तुम्ही फक्त व्यवस्थापक आहात."

कोलूनं माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. मागितलेलं पुस्तक मी आत्ता कपाटातून काढून देईन, अशा भरवशानं तो बघत होता.

"या वेळी मी टाकलं नाही," मी म्हणालो.

"काऊन भाऊ?"

"मागच्या वर्षी लोक हसले होते."

तो म्हणाला, "मीबी तं हसलो होतो ना."

पत्रू धावत आला. "खेळू द्या ना साहेब! आमची काई हरकत नाई. या बुढ्याले मी वीस वर्षं भेलो, आज तं लंगडा हाये!"

"यादीवर माझी सही आहे," रेफरी म्हणाले. त्यांचाही आवाज पडलेला होता. घड्याळ पाहून त्यांनी शिट्टी वाजवली. सामना पत्रूच्या टीमला दिला.

निकेश मैदानातच पालथा पडून राहिला. अध्यक्ष झाडाखाली फोनवर बोलत होते. त्यांनी माझी नजर टाळली. कोलू बूट न काढताच गोलकडे गेला. जाळी आमची होती, ती सोडून न्यायची होती. तो एका खांबाच्या गाठी सोडू लागला. मी दुसऱ्या खांबाशी जाऊन एका गाठीला हात घातला. ती ढिवराची गाठ. मी नखानं उकरली, दातानं ओढून पाहिली, पण ती अजूनच आवळत गेली.

त्यानं आपली बाजू संपवली आणि माझ्यापाशी आला.

"राहू द्या भाऊ," तो म्हणाला, "हे तुमच्यानं नाई होणार." आणि मी बाजूला होण्याची वाट पाहत उभा राहिला.