तोंडाभोवतीचं कडं

ठकूच्या ओठाच्या कोपऱ्यात लाल ठिपका उठला, तेव्हा तिच्या बापाला वाटलं, सकाळी भरवलेला गाजराचा गर राहिलाय. त्यानं ओलं फडकं फिरवलं. ठिपका तर गेला नाहीच, उलट ठकूनं असं भोकाड पसरलं की समोरचा सायकलवाला हातातला पाना तसाच घेऊन दारात आला.

“दात येत असतील,” तो म्हणाला. “लाळेनं उठतं पोरांना.”

ठकूच्या बापाला सगळी गल्ली उस्ताद म्हणायची. जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवण्यात त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. बायको शहर बसमध्ये कंडक्टर होती. ती उजाडायच्या आत बाहेर पडायची, म्हणून घर, दुकान आणि ठकू, तिन्ही खाती उस्तादकडे. पुढच्या खोलीत एकीकडे पोट फाटलेले सोफे आणि दुसरीकडे लेकीचा पाळणा. पूर्वी तो खिळे तोंडात धरून काम करायचा. लेक रांगायला लागली आणि त्यानं ती सवयच मोडली. एखादा खिळा सांडलाच तर काम टाकून लोहचुंबकानं सगळी फरशी धुंडाळायचा. बायको म्हणायची, “अहो, एवढं तर मी बसमधल्या सुट्या पैशांनाही जपत नाही.”

जपण्याला कारण होतं. ठकूच्या आधी एक मुलगा झाला होता. दोन-चार दिवस चांगला प्यायला, मग पेंगायला लागला, मग प्यायचाच थांबला. “शांत आहे हो बाळ,” असं कौतुक करत लोक येत राहिले आणि त्या शांततेतच तो गेला. काय झालं ते कुणाला कळलं नाही. ठकू जन्मली तेव्हा मोठ्या दवाखान्यात तिचं रक्त लगेच तपासलं आणि दुखणं सापडलं; पहिल्या मुलालाही तेच झालं असणार. नाव एवढं लांबलचक की उस्तादला ते कधी धड म्हणता आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं, “दूध, डाळी, अंडी यांत प्रथिनं असतात. त्यांतले काही घटक हिच्या शरीराला पचवता येत नाहीत. जास्त झाले की त्यांचं रक्तात विष होतं. म्हणून हिचं खाणं मोजून. पण थोडी प्रथिनं लागतातच, त्यांच्याशिवाय मूल वाढत नाही.”

उस्तादच्या कानात ‘विष’ हा शब्द शिरला आणि तिथंच ठाण मांडून बसला. पुढचं वाक्य त्यानं ऐकलं, मानही डोलावली, पण ते डोक्यात काही उतरलं नाही.

ठकूचं दूध बनवायची पद्धत ठरलेली होती. दवाखान्यातून मिळणाऱ्या डब्यातली पावडर उकळून निवलेल्या पाण्यात कालवायची आणि वर साधं दूध, मापाच्या पेल्यातल्या खुणेपर्यंत, घालायचं. डब्यात ठकूला चालणारं सगळं होतं. न चालणारं, पण थोडं तरी हवंच असलेलं, ते त्या साध्या दुधातून. कापडावर खडूची रेघ मारावी तशा काटेकोरपणे उस्ताद ते मोजायचा. ठकू बाळसं धरत होती, सोफ्याला धरून उभी राहत होती आणि बापाची मापाची पट्टी पळवत होती.

आणि मग तो ठिपका.

चार दिवसांत ठिपक्यांची रेघ झाली, रेघेचं कडं झालं. ओठांभोवती लालभडक, वर पिवळट खपल्या. हसायला गेली की चिरा पडून रक्त यायचं, म्हणून पोर हसायचीच थांबली. लंगोटाखालीही तसंच उठलं. उस्तादनं मलम लावलं, पावडर लावली. नुसतं चोळणं झालं.

त्याची मोठी बहीण भेटायला आली. तिनं भाचीचं तोंड वर करून बघितलं आणि चुकचुकली.

“काय पाजतोस रे हिला?”

“डब्यातलं. आणि थोडं साधं दूध.”

“हिला दूध सोसत नाही म्हणतात ना?”

“जास्त सोसत नाही.”

“विषाला कसलं आलंय थोडं नि जास्त?” ताई म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. भेटेल त्याला दोन शब्द सांगावेत, तसं ती बोलली, चहा प्यायली आणि निघून गेली. पण शब्द मागं राहिले.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथं तर दुधानं अख्खा मुलगा नेला होता. त्या संध्याकाळी मापाच्या पेल्यात दूध ओतताना उस्तादचा हात खुणेच्या अर्ध्यावर थांबला. त्याला वाटलं, जिथून दूध आत जातं तिथंच कातडी जळतेय, आणखी काय पुरावा पाहिजे? बायकोला सांगितलं नाही. ती आधीच उभ्यानं दिवस काढून यायची, आणि दवाखान्याला फोन करा म्हणाली असती. दवाखान्यातल्या माणसांना काय, त्यांची ठकू नव्हती.

दोन दिवस कडं जरा फिकं वाटलं. खरं तर त्याच सुमाराला त्यानं नवं मलम आणलं होतं. पण बुडत्याला काडी मिळाली. त्यानं दूध आणखी कमी केलं. कडं पुन्हा भडकलं, तेव्हा त्याला वाटलं, अजूनही जास्तच होतंय. मग एक दिवस त्यानं दूध घातलंच नाही. त्या दिवसापासून एक थेंबही नाही.

ठकूला जुलाब सुरू झाले. उशीवर केस दिसायला लागले. हनुवटीवरची कातडी जुन्या रेक्झिनसारखी सालपटं होऊन सुटायला लागली. सोफा धरून उभी राहणारी पोर आता बसवलं तर कलंडायची आणि उचललं तरी किरकिरायची.

“अहो, हे दातांचं नाही,” बायको एका संध्याकाळी म्हणाली. तिनं अजून गणवेश उतरवला नव्हता. “हिचे हात बघा. काड्या झाल्यात. उद्या फोन करते दवाखान्यात.”

“पुढच्या आठवड्यात तपासणी आहेच की.”

“दूध बरोबर चाललंय ना?”

“मी डोळ्यांत तेल घालून करतोय,” उस्ताद म्हणाला. ते खोटं नव्हतं, म्हणून तर त्याला ते इतकं सहज म्हणता आलं. तिनं विश्वास ठेवला. ठकूच्या बाबतीत तो चुकेल हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एका खुर्चीच्या बैठकीला कापड ताणत होता. ठकू बराच वेळ झोपली होती. फारच शांत. तो शब्द मनात आला आणि त्याच्या हातून हातोडी सुटली. पाळण्याशी जाऊन त्यानं तिच्या मुठीत बोट दिलं. मूठ मिटली नाही. त्यानं हाक मारली, गालावर थोपटलं. ठकूनं डोळे किलकिले केले आणि परत मिटले. पहिल्या मुलानंही असेच मिटले होते.

उस्ताद तिला छातीशी धरून रस्त्यावर आला तो अनवाणीच. सायकलवाल्यानं मालाच्या एका टेम्पोपुढे आडवं होऊन तो थांबवला. गोण्यांमध्ये बसून, “ठकू, ए ठकू, बघ ना गं माझ्याकडे,” असं घोकत उस्ताद दवाखान्यात पोचला. मधल्या वाटेतलं त्याला नंतर काही आठवेना. बायको आली तेव्हा तिच्या खांद्यावर तिकिटांचं मशीन तसंच लटकत होतं. डेपोत जमा करायचंही सुचलं नव्हतं.

ठकूच्या हाताला सलाईन लागलं. रक्त तपासायला गेलं, थोड्या वेळानं निकाल आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “विष वाढलंय. बरंच.”

उस्तादला हिशेबच लागेना. एक थेंबही दिला नव्हता. मग आलं कुठून? डब्यात होतं? पाण्यात? गाजरात? आता काय बंद करायचं? बंद करण्यासारखं उरलंच काय होतं?

आहार बघणाऱ्या बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सारलेला. त्यांनी ठकूचं तोंड निरखलं, खपल्या, सालपटं, पातळ झालेले केस, आणि उस्तादला बाजूच्या ओट्याशी नेलं. डबा, पाणी, दूध, मापाचा पेला, बाटली, सगळं मांडून ठेवलं होतं.

“घरी जसं करता तसं करून दाखवा. घाई नाही.”

बायको भिंतीला टेकून उभी होती. उस्तादनं हात धुतले. पावडर मोजली, पाणी मोजलं, कालवलं. गुठळी राहू नये म्हणून बाटली उजेडात धरून बघितली. झाकण लावलं. बाटली बाईंच्या पुढ्यात ठेवली.

दुधाच्या भांड्याला त्याचा हातही लागला नव्हता.

“आणि दूध?” बाईंनी हळूच विचारलं.

बायकोनं भांड्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

“कधीपासून?” ती म्हणाली.

“तिच्या तोंडाला उठलं तेव्हा… आधी कमी केलं. मग…” त्यानं दुधाचं भांडं दूर सरकवलं. “विष आहे ना ते. तोंडातून बाहेर पडतंय असं वाटलं मला.”

डॉक्टरीणबाई मागं येऊन उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, हेच उस्तादला जास्त लागलं. “ऐका,” त्या म्हणाल्या. “पुरळ कशानं सुरू झालं ते आत्ता नक्की सांगता येणार नाही. कदाचित ती भराभर वाढत होती आणि पहिलं मापच अपुरं पडायला लागलं होतं. तुम्ही तेव्हाच फोन केला असतात तर आम्ही दूध वाढवलं असतं. तुम्ही नेमकं उलट केलंत. कातडी रोज नवी व्हायला प्रथिनं लागतात. ती मिळाली नाहीत की पहिल्यांदा तोंडाभोवतीची आणि लंगोटाखालची कातडी फुटते.”

“पण मग विष कसं वाढलं? मी तर काहीच दिलं नाही!”

“म्हणूनच वाढलं. घरातलं सरपण संपलं की माणूस दारं-खिडक्या फोडून चुलीत घालतो. तिच्या शरीरानं तेच केलं. स्वतःचंच मांस मोडून वापरलं, आणि त्याचंही विषच झालं.”

बायको भिंतीपासून सुटली. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

“तू माझ्या लेकीला उपाशी ठेवलंस,” ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. “मी विचारलं होतं तुला. आणि तू मला सांगितलंस, डोळ्यांत तेल घालून करतोय.”

नंतरचे दिवस उस्तादनं खोलीच्या बाहेरच्या बाकावर काढले. ठकूच्या नाकातून बारीक नळी घातली होती. तिच्यातून आधी नुसतं गोड पाणी आणि डब्यातलं जायचं, मग एका सकाळी नर्सनं त्यात दूध मिसळलं. उस्ताद काचेतून बघत होता. पांढरा थेंब नळीतून खाली सरकताना दिसला आणि तो दार ढकलून आत आला. सगळं कळत होतं त्याला. सरपण, दारं, खिडक्या, सगळं पटलं होतं. तरी हात नळीकडे गेला. बायकोनं मनगट पकडलं. बसमधल्या गर्दीत दांडी धरून तयार झालेली पकड ती.

“बाहेर,” ती म्हणाली.

तो बाहेर गेला आणि बाकावर बसून लहान पोरासारखा रडला. कुणी समजवायला आलं नाही.

कडं सुकायला लागलं. खपल्या पडल्या, खालून कोवळी, गुलाबी कातडी आली. ठकूनं एका दुपारी आईच्या गळ्यातलं कार्ड ओढलं आणि तोंडात घातलं. विष उतरलं. पण उभं राहायचं ती विसरली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते परत येईल, कधी ते बघू.

घरी आल्यावर बायकोनं रजा काढली. दूध ती बनवायची, पाजायचीही ती. उस्ताद ओट्याकडे फिरकायचा नाही. बोलणं कामापुरतं. ताईचे ते शब्द त्यानं बायकोला सांगितले होते; ताईचा फोन आला तेव्हा बायकोनं तो कट केला, आणि उस्तादला बहिणीची बाजू घ्यावीशीही वाटली नाही. त्याला तेवढं पक्कं माहीत होतं, की ताई फक्त बोलली होती. हात त्याचा होता.

रजा संपली त्या पहाटे बायकोनं त्याला उठवून ओट्याशी उभं केलं. ती गणवेशात होती.

“बनव,” ती म्हणाली.

“ताईला नको, पण तुझ्या आईला बोलावू का? नाहीतर दुसरं कुणी…”

“आईला दिसत नाही नीट. दुसरं कुणी नाही. असतं तर मी तुला सांगितलं असतं का?”

त्यानं पावडर कालवली. मग दुधाचं भांडं उचललं. मापाच्या पेल्यावर दवाखान्यात नवी खूण घातली होती, जुन्या खुणेच्या बरीच वर. जुन्या खुणेपाशी त्यानं भांडं झटकन मागं घेतलं आणि दूध ओट्यावर सांडलं. बायकोनं फडकं पुढे केलं नाही की भांडंही हातातून घेतलं नाही.

“मला भीती वाटते गं.”

“मला काय कमी वाटते?” ती म्हणाली. “ओत.”

त्यानं परत ओतलं. तिनं पेला डोळ्यांसमोर धरून बघितला, दूध बाटलीत घालून बाटली त्याच्या हातात दिली आणि दारातून वळून म्हणाली, “अंगावर एक ठिपका दिसला, तरी आधी मला फोन. मी बसमध्ये असले, गर्दीत असले, तरी. स्वतःचं डोकं चालवायचं नाही.”

“नाही चालवणार.”

“माफ केलंय असं समजू नकोस.”

“नाही समजत.”

ती गेली. ठकूनं बाटली शेवटच्या थेंबापर्यंत ओढली आणि झोपली. उस्तादनं त्या दिवशी हातोडी हातात घेतली नाही. पाळण्याशी स्टूल ओढून तो बसून राहिला. तिच्या मुठीत बोट दिलं, ती मिटली. थोड्या वेळानं परत दिलं, परत मिटली. तरी त्याचा जीव जागेवर येईना. उद्याही बाटली भरायची होती, आणि परवा, आणि त्याच्या पुढेही, आणि प्रत्येक वेळी हाच हात पुढे करायचा होता. झोप मोडल्यामुळे ठकू वैतागली, तिनं डोळे उघडले आणि बापाच्या तोंडाकडे बघून जोरजोरात रडायला लागली.