काशिनाथचे पान

भोपाळच्या बरखेडा वसाहतीत कारखान्याची क्वार्टरे एका ओळीत उभी आहेत. त्यांपैकी एका क्वार्टरच्या फाटकाशी सर्वपित्री अमावस्येच्या दिवशी, ऊन डोक्यावर येण्याच्या सुमारास, काशिनाथ बाबर येऊन पोहोचला. त्याच्या खांद्यावर भाजीचे पोते आणि सदऱ्याच्या खिशात एक सरकारी पत्र होते. पोते दरवर्षीचे होते, पत्र मात्र नवे होते.

काशिनाथ मूळचा साताऱ्याकडचा. एकाहत्तरच्या लढाईत तो पायदळात शिपाई होता. पलटणीतला त्याचा जिवलग मित्र यशवंत माने पुढे या कारखान्याच्या पहाऱ्यावर हवालदार म्हणून लागला आणि त्यानेच त्याला लिहिले, "इकडे सिहोरजवळ काळी जमीन स्वस्त आहे, ये." मित्राच्या शब्दाखातर काशिनाथने गावचा वाटा विकला आणि परमुलखात नांगर धरला. आज त्या गोष्टीला अठरा वर्षे लोटली होती. दरवर्षी चैत्रात वसाहतीतील मराठी घरांना तो वर्षाचे गहू पोहोचवी. त्याचे वडील गावचे पोलीस पाटील असल्याने पलटणीत सारे त्याला 'पाटील' म्हणत. यशवंतने इकडेही तीच हाक चालू ठेवली. त्यामुळे वसाहतीत तो 'गहूवाले पाटील' एवढाच ठाऊक होता आणि त्याचे पाळण्यातले नाव विचारण्याचे कोणास कधी कारण पडले नाही.

आता पत्राविषयी. लढाईत पहाटेच्या धुक्यात यशवंत सुरुंगाने जखमी होऊन खंदकापुढे पडला. खंदक सोडू नये असा सक्त हुकूम होता. तो मोडून काशिनाथने मित्राला पाठीवर घालून आणले. यशवंत तिथे पुढे कशाला गेला होता, हे त्याने कधी विचारले नाही, कारण मित्रास असले प्रश्न विचारू नयेत असे त्याचे मत होते. परंतु काशिनाथच्या कागदावर तांबड्या शाईने नोंद झाली, 'शत्रूसमोर जागा सोडली.' त्याने खरी हकीकत सांगितली होती. यशवंत तेव्हा इस्पितळात बेशुद्ध, त्याला विचारण्यास कोणाला सवड मिळाली नसेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. पंधरा ऑगस्टला तहसिलीत माजी सैनिकांची रांग उभी राही, तेव्हा तो वीस वर्षे एखाद्या अपराध्यासारखा शेतातच राहिला. आता सैन्याच्या कचेरीला पुष्कळदा लिहिल्यावर हे उत्तर आले होते. ज्याच्यासाठी जागा सोडली, त्याने ऑक्टोबर अखेरपर्यंत लेखी साक्ष दिल्यास नोंदीचा फेरविचार होईल. यशवंतच्या चार ओळी हव्या होत्या. तो तीनदा म्हणाला होता, "अमावस्या होऊन जाऊ दे पाटील, मग निवांत लिहू." पण काशिनाथला धीर धरवला नाही.

यशवंतची बायको लीलावती पोते पाहून हरखली. "या भावजी, या! देवच पावला म्हणायचा. काल वाट बघून बघून शेवटी बाजारातून गवार आणली, नुसती जून. अळू आणलंत ना? पितराला अळू लागतंच."

"आणलंय वैनी. काल गाडी चुकली. भोपळापण हाय. यशवंता कुठंय?"

"तळ्यावर गेलेत तर्पणाला, येतीलच. पण भावजी, आज एक काम कराल? आमच्या एका पितराचा माणूसच आला नाही बघा. पहाऱ्यावरचे दिलीपराव दरवर्षी बसतात, त्यांना आज डबल ड्यूटी लागली. पान रिकामं राहिलं तर अपशकुन. तुम्ही बसा."

मेलेल्याच्या नावाने पान मांडावे, त्याच्या जागी एखाद्या जिवंत माणसाचे पाय धुऊन, त्याला गंध लावून पोटभर जेवू घालावे, अशी त्यांच्याकडची रीत आहे. काशिनाथला संकोच वाटला, पण मित्राच्या घरचा पितर होणे हा मानच म्हणावयाचा. तो पाटावर बसला. शेजारच्या पाटावर यशवंतच्या वडिलांचे पितर म्हणून कारखान्यातले गजाननराव अगोदरच बसले होते. ते इंदूरचे, स्वभावाने मोठे मिस्कील.

"या पाटीलसाहब! यंदाचा शरबती काय दिलात हो? बायको म्हणते, पोळी फुगतच नाही."

"गहू चांगला हाय सायेब. वैनीस्नी म्हनावं, तवा तापू द्या जरा."

"हे बघा, पितर झालात म्हणून उलट बोलायचं नाही!" गजाननराव गदगदून हसले.

लीलावतीने तांब्याने काशिनाथचे पाय धुतले, पदराने पुसले आणि कपाळाला गंध लावले. तो अवघडून म्हणाला, "वैनी, ह्ये पान कुनाचं म्हनायचं? मोठ्या दिराचं?"

"नाही हो. यांचा लढाईतला मित्र होता. काशिनाथ भावजी."

काशिनाथने मान वर केली.

"काशिनाथ?"

"हो. काशिनाथ बाबर. बिचाऱ्याला ना बायको ना मूल. लढाईत भ्यायला आणि खंदक सोडून पळत सुटला म्हणे. यांनी धावत जाऊन पाठीवर घालून आणला, तेव्हाच यांच्या मांडीत कपची शिरली. पण वाचला नाही, यांच्या मांडीवर प्राण सोडला. लग्न झाल्यापासून मी हे पान मांडते. पळाला असला तरी माणूसच ना? त्याला पाणी द्यायला कोण आहे?"

"बड़ा दिल है माने का," गजाननराव गंभीर होऊन म्हणाले. "कोणी भगोड्यासाठी इतकं करत नाही."

काशिनाथने खाली पाहिले. समोरच्या पानावर त्याच्याच शेतातील अळूचे फदफदे वाढले जात होते. अठरा भाद्रपद तो हे अळू आपल्या पाठीवरून आणून देत होता. यशवंत दरसाल बजावून सांगे, "आदल्या दिवशीच आण हं पाटील, अमावस्येच्या दिवशी घरात गर्दी असते." त्या बजावण्यातील मेख आज त्याच्या ध्यानी आली.

इतक्यात फाटक वाजले. ओलेते धोतर हातात घेऊन, लंगडत यशवंत आत आला. पाटावर कोण बसले आहे हे पाहताच तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"बघा, तुमच्या काशिनाथच्या पानावर आज पाटीलभावजींना बसवलंय," लीलावती आनंदाने म्हणाली. "रिकामं नाही राहिलं."

"बरं केलंस," यशवंत म्हणाला.

काशिनाथ त्याच्याकडे टक लावून बघत राहिला. मनुष्याची आशा किती चिवट असते पाहा! अजूनही त्याला वाटत होते की यशवंत आता तोंड उघडील, हसून का होईना, खरे ते सांगेल. यशवंतने खिरीचे पातेले उचलले आणि खाली मान घालून तो वाढू लागला.

काशिनाथने घास घेतला नाही. तो उठून मागच्या अंगणात गेला. पाठोपाठ यशवंत धावला.

"पाटील, पाया पडतो तुझ्या. आत काय बोलू नगंस."

"मी मेलो कवा, यशवंता?"

"लगीन ठरत होतं. सासऱ्यानं इचारलं, लढाईत काय केलंस. त्वांडातनं गेलं. मग तुला हिकडं बोलावलं त्ये बी… तुझ्याशिवाय करमंना म्हनून बोलावलं रं. देवाशपथ."

"त्ये असूं दे. मला चार वळी लिहून दे. बायकूला काय बी सांगत बस, माझं काय म्हननं न्हाई. पन कागुद दे."

यशवंतने मान हलवली.

"न्हाई देता येत. मी तवाच लिहून दिलंय."

"काय?"

"इस्पितळात सायेब आलं हुतं. मला इचारलं, कोन पळालं हुतं. मीच पळत हुतो, पाटील. धुक्यात वाट चुकली आन् सुरुंगावर पाय पडला. खरं सांगितलं असतं तर माझी गत काय झाली असती? मी म्हनालो, काशिनाथ पळाला, मी त्याला आनाया गेलो. खाली सही हाय माझी. आता उलटं कसं लिहू?"

तांबड्या शाईची ती नोंद कोणा कठोर साहेबाची चूक नव्हती. ती मित्राची साक्ष होती. ज्या साक्षीसाठी काशिनाथ वीस वर्षे तिष्ठत बसला, ती वीस वर्षांपूर्वीच देऊन झाली होती.

तो तसाच आत आला. लीलावती हातात विडा घेऊन उभी होती. "भावजी, पानावरून असं उठू नये हो. काय झालं?"

"वैनी," तो सावकाश म्हणाला, "काशिनाथ बाबर मीच हाय. मी मेलेलो न्हाई, आन् पळालेलोबी न्हाई."

गजाननरावांचा वडा हातातच राहिला. मग मागून यशवंतचा आवाज आला. तो शांत होता, आणि ऐकणाऱ्यास त्यात दयाही वाटावी असा होता.

"त्याचं मनावर घेऊ नकोस, लीला. लढाईपासून याचं असंच होतं अधूनमधून. डोक्याला मार बसला होता. मेलेल्यांची नावं स्वतःला लावतो. म्हणून तर मी याला जवळ आणून ठेवलंय."

"अरेरे!" गजाननराव पुटपुटले.

काशिनाथचा हात खिशाकडे गेला. पत्रावर त्याचे नाव होते, नंबर होता. गजाननरावांना इंग्रजी येत होते, ते मोठ्याने वाचून दाखवतील. पण नावापुढचीच ओळ अशी होती: शत्रूसमोर जागा सोडली. आपण जिवंत असल्याचा एवढा एकच पुरावा त्याच्यापाशी होता, आणि तो वाचला की लीलावतीला आपल्या नवऱ्याचे प्रत्येक अक्षर खरे वाटणार होते. त्याने हात मागे घेतला.

लीलावतीचे डोळे भरून आले होते. तिने कसला संशय घेतला नाही, तिला फक्त कीव आली होती. "बसा भावजी," ती लहान मुलाशी बोलावे तशी म्हणाली, "दोन घास खा. सगळं ठीक होईल."

"न्हाई वैनी. सोयाबीन कापायला आलंय."

त्याने पायांत चपला सरकवल्या. यशवंत फाटकापर्यंत आला, काही बोलू पाहत होता, परंतु काशिनाथने वळून पाहिले नाही. रस्त्यावर पहिल्या पाळीची माणसे सायकलींवरून घरी परतत होती. त्यांतल्या दोघातिघांनी ओळखीने हात केला. "काय पाटील, जेवण झालं का?" एकाने विचारले.

"झालं," काशिनाथ म्हणाला, आणि कपाळावरचे गंध बाहीने पुसत सिहोरच्या गाडीकडे चालू लागला.