घाम थांबला

मे महिन्यात अकोल्यात सर्दी होणं हा उद्धटपणाच समजला जातो. बाहेर डांबर चपलेला चिकटत असतं, मोर्णेच्या पुलावर दुपारी कुत्रंही फिरकत नाही, आणि अशा दिवसांत एखादा माणूस नाकाशी रुमाल धरून शिंकत बसतो. लोकांना ते पटत नाही. सूर्यभानजींना सर्दी झाली तेव्हा जुन्या शहरातल्या त्यांच्या गल्लीनं तब्येत नंतर विचारली. आधी विचारलं, "उन्हाळ्यात काहून?"

सूर्यभानजी एसटीत कंडक्टर होते. अकोला-अमरावती मार्गावर उभी नोकरी काढून आता निवृत्त झालेले. स्वभाव गमत्या. त्यांनी तोंड उघडलं की समोरचा हसायला लागायचा, वाक्य पूर्ण होण्याचीही वाट पाहायचा नाही. माणसाला अशी कीर्ती लाभली की त्याचं बोलणं पुन्हा कुणी नीट ऐकत नाही.

सर्दीचं कारण त्यांच्या थोरल्या बहिणीनं, सुंदराबाईंनी शोधलं. चांदूर बाजारहून पहिल्या गाडीनं त्या आल्या आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी कूलर बंद केला.

"याच्यानंच झालं. रातभर वल्ली हवा घेते अन् मंग नाक गळते."

"अक्का, गर्मी लय हाये ना," सूर्यभानजींची बायको सुभद्रा म्हणाली. "थोडा वेळ तरी—"

"तुले तुह्या गर्मीची पडली. इथं माह्या भावाची छाती भरून राहिली."

नणंदेपुढं यानंतर बोलायचं वाक्य वऱ्हाडात अजून कुणी तयार केलेलं नाही. कूलरमधलं पाणी उपसून अंगणात ओतलं गेलं. जमिनीनं ते लगेच पिऊन टाकलं. मग झळा आत येऊ नयेत म्हणून खिडक्या लावल्या, आणि सर्दी बाहेर यावी म्हणून सूर्यभानजींच्या अंगावर घोंगडी घातली.

"घाम काढा," सुंदराबाई म्हणाल्या. "घामासंगं सर्दी निघते."

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही, आणि रिकाम्या डोक्यानं तर नाहीच. येणारा प्रत्येक जण एक उपाय घेऊन येतो आणि तो आपल्यासमोर होईपर्यंत उठत नाही. उपाय नाकारणं म्हणजे आणलेलं ताट परत पाठवणं. त्यामुळे सकाळच्या काढ्यावर दुसऱ्या घरचा काढा पडला, त्यावर हळदीचं दूध. छातीला लसणाचं तेल चोळलं, तव्यावर ओवा भाजून त्याची पुरचुंडी शेकायला घेतली. कुणाच्या तरी साळ्यानं फोनवरून वाफ सुचवली, तीही दिली. माठातल्या पाण्याला मात्र बंदी होती. थंड पाण्यानं कफ गोठतो.

"पानी दे वं," सूर्यभानजी दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा त्यांना काढा मिळाला.

शेजारचा शेखर कॉलेजात क्लार्क होता. तो उपाय आणत नसे, इतरांच्या उपायांना कारणं पुरवत असे. "काकू, याच्यामागं सायन्स हाये," तो सुभद्राला समजावून सांगत होता. "घामावाटे व्हायरस बाहेर पडते."

घाम भरपूर निघाला. सुभद्रा टॉवेलनं पुसायची, न्हाणीत नेऊन पिळायची, परत पुसायची. खोलीतली माणसं समाधानानं पाहत होती. मग दुपार चढली, आणि तिनं मानेवरून टॉवेल फिरवला तर तो कोरडाच निघाला.

सुंदराबाईंनी भावाच्या गळ्याला हात लावला. "थांबला घाम. निघाली सर्दी."

"बॉडी नॉर्मल होऊन राहिली," शेखर म्हणाला.

सुभद्रानंही हात लावला आणि पटकन मागं घेतला. भाकरी टाकण्याआधी तवा पाहतो तसा तो हात होता. "अक्का, अंग कसं लाल होऊन राहिलं पाहा. तापले हायेत हे."

"ताकद येऊन राहिली त्याले."

तेवढ्यात सूर्यभानजींनी डोळे उघडले. "पुढं सरका," ते म्हणाले. "मूर्तिजापूरवाले पुढं या."

खोली हसली. सुंदराबाईंनी पदरानं डोळे टिपले. "आला माहा भाऊ लायनीवर."

"काका, मले एक हाफ तिकीट," शेखर म्हणाला.

सूर्यभानजींची बोटं घोंगडीला चिमटे काढू लागली, एक, मग एक, गर्दीच्या गाडीत तिकिटं टोचल्यासारखी. लोक आणखी हसले. सुभद्रा हसली नाही. नवऱ्यानं गावभर गमती केल्या होत्या, पण ड्यूटी त्यानं कधी घराचा उंबरा ओलांडू दिली नव्हती. तिनं वाकून त्यांच्या तोंडापुढं तोंड नेलं. त्यांची नजर तिच्या आरपार, मागच्या भिंतीवर होती.

"बाई, तुमाले कुठं उतरायचं?" त्यांनी विचारलं.

यावर सगळ्यांत जास्त हशा पिकला.

"घरी," सुभद्रा म्हणाली.

"घर मागं गेलं."

जीभ जड झाली होती. ओठांना पांढरी कड आली होती. हसणाऱ्यांच्या गलबल्यात पुढचा शब्द फक्त तिलाच ऐकू आला. "बडनेरा."

या मार्गावर बडनेऱ्यापुढं एकच थांबा उरतो आणि तिथं गाडी रिकामी होते, हे कंडक्टरच्या बायकोला कुणी सांगावं लागत नाही.

तिनं घोंगडी ओढून फेकली, खिडक्या उघडल्या. माठ उचलला आणि नवऱ्याच्या अंगावर उपडा केला. लोक भिंतीला सरकले.

"मारतं का वं त्याले?" सुंदराबाई पुढं आल्या. "तापल्या अंगावर थंडं पानी? माह्या भावाले काई झालं तर तुले सोडनार नाई मी."

"झालं तर माह्या हातून होऊ द्या, अक्का. तुमच्या हातून नको." मग सुभद्रा वळली. "शेखर, सायन्स राहू दे. रिक्षा आन."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी काखेत बर्फ ठेवला, ओल्या चादरी टाकल्या, पंखे वळवले. सुंदराबाईंना ते बघवेना. "मॅडम, सर्दीच्या मानसाले बर्फ काहून देऊन राहिले?"

"सर्दी विसरा आता. उष्माघात आहे हा. यांना झाकून कुणी ठेवलं होतं?"

सगळ्यांनी शेखरकडे पाहिलं. शेखरनं छताकडे पाहिलं.

"शुद्धीवर येतील की नाही, आज काहीच सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. दार लागलं.

सुभद्रा बाकावर बसली. साडी अजून ओली होती. जिन्यावरून गल्लीतली माणसं येताना दिसली, दोघा-तिघांच्या हातात झाकलेले डबे. तेवढ्यात तिच्या नाकाच्या शेंड्याशी काहीतरी हुळहुळलं. तिनं पदर तोंडावर दाबला. श्वास अडवला. डोळ्यांत पाणी आलं, कानात दडे बसले, पण शिंक तिनं आतच ठेवली.

"सुभद्रे," बाकाच्या दुसऱ्या टोकावरून सुंदराबाईंनी निरखून पाहिलं. "डोये काहून भरले तुह्ये?"

"रडून राहिली, अक्का."

सुंदराबाई थोडं सरकल्या. मग आणखी थोडं. आणि त्यांनी मायेनं तिच्या कपाळावर हात ठेवला.